दोन तृतीयांश कोणाचे?

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. मवाळ आणि गांधीजींचे राजकीय गुरू. शाळेतल्या इतिहासात त्यांना तेवढीच जागा होती, आणि टिळकांपुढे तर ते नेहमीच फिके वाटायचे. मलाही तसंच वाटायचं. पण या वर्षी त्यांचं चरित्र हातात पडलं आणि लक्षात आलं की हा माणूस मुळात आपल्या जातकुळीतला, म्हणजे आकडेवाला. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, अंकगणिताचं क्रमिक पुस्तक लिहिलं. पुढे सरकारशी भांडले तेही आकडे घेऊनच.

जन्म ९ मे १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातलं कोतळूक. १८७९ साली वडील गेले. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा गोपाळला पाठवायला सुरुवात केली. पगाराच्या निम्म्याहून जास्त! कॉलेजसाठी वहिनीने दागिने विकले असं सांगतात. मेसचं बिल थकलं की घरी फोन करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा. एका मुलाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचं शिक्षण थांबलं. घरात असा भाऊ नसलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न गोखल्यांना पुढे सतावला तो इथूनच, असं मला वाटतं. चरित्रकार तसं म्हणत नाहीत, हा माझा अंदाज.

१८८४ साली बी.ए. झाल्यावर वकिली किंवा सरकारी नोकरी करून पैसा मिळवता आला असता. त्याऐवजी ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीत तुटपुंज्या पगारावर मास्तर झाले आणि १९०२ पर्यंत तिथेच राहिले. त्याच काळात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचायला शिकवलं. कुठला खर्च कुठल्या रकान्यात लपतो, हे रानड्यांकडूनच कळलं. १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चावर साक्ष देताना ही तालीम कामी आली. तेव्हा त्यांचं वय ३१ सुद्धा पूर्ण नव्हतं.

१९०२ पासून ते कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात. दरवर्षी बजेटवर बोलायचे, आणि मुद्दा साधारण एकच: तिजोरीत शिल्लक दिसते ती देश श्रीमंत म्हणून नव्हे, तर कर जास्त म्हणून. लष्करावर पाण्यासारखा पैसा जातो आणि प्राथमिक शाळांच्या वाट्याला चिल्लर. १९११ च्या जनगणनेत शंभरातली जेमतेम सहा माणसं साक्षर निघाली, यावरून काय ते समजा. बडोद्यात मात्र सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं. एका संस्थानाला जमतं ते इंग्रज सरकारला का जमू नये, असा गोखल्यांचा सरळ सवाल होता.

मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला आणि सरकारने विचार करू म्हटल्यावर मागे घेतला. मग १६ मार्च १९११ रोजी थेट विधेयकच आणलं. आज ते वाचलं तर फारच बिचकत लिहिल्यासारखं वाटतं. सहा ते दहा वर्षांची मुलं, तीही आधी फक्त मुलगे. ज्या भागात पुरेशी मुलं आधीच शाळेत जातात तिथेच सक्ती, आणि तीही नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने मागितली व सरकारने होकार दिला तर. गरीब पालकांना फी माफ. इतक्या अटी की सक्ती शिल्लक किती राहते, असा प्रश्न पडावा. जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं होतं. सरकार रयतेकडून पैसा घेतं आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळतं, ही तक्रारही त्यात होती. (सरकारी अनुदानावर शिकणाऱ्या आपल्याला ती अजूनही टोचायला हवी.) मुलींना आणि मागास भागांना नंतरच्या रांगेत उभं करणं हे गोखल्यांच्या विधेयकातलं मोठं व्यंग, माझ्या मते.

पण एका बाबतीत त्यांनी पाय मागे घेतला नाही, ती म्हणजे पैसा. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेचा आणि दोन तृतीयांश सरकारचा. पैसा कुठून आणायचा तेही सांगितलं. लष्कराचा खर्च आवरा, आणि लागलीच तर आयातीवरची जकात थोडी वाढवा. म्हणजे नुसती मागणी नाही, पूर्ण एस्टिमेट!

विरोध मात्र दोन्हीकडून झाला. अधिकारी म्हणाले, पैसा नाही, शिक्षक नाहीत, लोकांनाच सक्ती नको आहे. जमीनदारांना चिंता वेगळीच, पोरं शाळेत गेली तर शेतावर राबणार कोण? मालवीय आणि जिना विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. १८ व १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा झाली आणि विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. गंमत बघा, त्याआधी तीनच महिने दिल्ली दरबारात बादशहाने शिक्षणासाठी दरवर्षी पन्नास लाख जाहीर केले होते. सरकारला पैसे द्यायला हरकत नव्हती. द्यावेच लागतील असा कायदा मात्र नको होता.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखले गेले, वय ४८. दोनच वर्षांनी, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा मंजूर करून घेतला. सगळ्या देशासाठी सहा ते चौदा वयाच्या मुलामुलींचा शिक्षणहक्क कायदा व्हायला २००९ साल उजाडलं, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तेव्हाही भांडण मुख्यतः एकाच गोष्टीवर झालं, खर्च कोणी किती उचलायचा. केंद्र आणि राज्यांमध्ये त्या वर्षी ठरलेलं प्रमाण होतं ६५ : ३५.