भूकवचाचा तळ शोधणारे मोहोरोव्हिचिच

तिबेटच्या पठाराखाली भूकवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे. माणसाने खणलेले सर्वात खोल विवर जेमतेम १२ किलोमीटरपर्यंत गेले आहे. मग ७० किलोमीटरचा हिशेब कसा लागला? त्याची वाट आंद्रिया मोहोरोव्हिचिच या क्रोएशियन शास्त्रज्ञाने दाखवली.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८५७ रोजी एड्रियाटिक समुद्रकाठच्या वोलोस्को गावात एका लोहाराच्या घरी झाला. प्रागला गणित आणि भौतिकशास्त्र शिकून ते बाकर येथील नाविक शाळेत शिक्षक झाले. तिथे त्यांना हवामानशास्त्राची गोडी लागली. १८९२ मध्ये झाग्रेबच्या वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. पुढे ढगांचा हा अभ्यासक भूकंपांकडे वळला.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबच्या दक्षिणेकडील कुपा नदीच्या खोऱ्यात मोठा भूकंप झाला. मोहोरोव्हिचिच यांनी युरोपातील अनेक केंद्रांवरच्या नोंदी मिळवल्या आणि त्या ताडून पाहिल्या. धक्का एकच होता, पण काही केंद्रांवर एकाच प्रकारच्या लहरी दोनदा पोहोचल्या होत्या. एक लहर वरच्या थरातून थेट आली होती. दुसरी खोल जाऊन, तिथल्या अधिक घन खडकातून वेगाने धावून पुन्हा वर आली होती. दूरच्या केंद्रांवर तर लांबच्या वाटेने गेलेली लहरच आधी पोहोचत होती. म्हणजे खाली कुठेतरी खडक एकदम बदलत होता. ही सीमा त्यांनी सुमारे ५४ किलोमीटर खोलीवर मांडली आणि १९१० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. भूकवच आणि त्याखालचे प्रावरण यांच्यातील ही सीमा आज ‘मोहो’ म्हणून ओळखली जाते.

भूकंपात इमारती का कोसळतात, त्या कशा बांधाव्यात, याचाही त्यांनी त्याच काळात विचार केला. १८ डिसेंबर १९३६ रोजी झाग्रेब येथे त्यांचे निधन झाले.

आता भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. १९९२ पासून चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी हिमालय व तिबेटमध्ये जमिनीत स्फोट घडवून परतणाऱ्या लहरी नोंदवल्या. भारतीय भूखंड आशियाखाली रेटला जात असल्याने तिथले कवच खंडांच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट जाड झाले आहे. सरासरी पाच किलोमीटर उंचीचे हे पठार आपल्या या खोल मुळावर तोलून धरलेले आहे.