काळ्या खडकातलं सोनेरी कोडं : मेरी ॲनिंग



मुलं खिशात दगड भरून घरी आणतात आणि आपण ते फेकायला लावतो, होय ना? असाच दगडांचा नाद असलेल्या एका मुलीची आज ओळख करून घेऊया.

मेरी ॲनिंग हिचा जन्म २१ मे १७९९ रोजी इंग्लंडमधील लाइम रेजिस या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील सुतारकाम करत आणि कड्यातले जीवाश्म पर्यटकांना विकत. १८१० मध्ये ते वारले. घरावर कर्ज होतं, मेरीचं शिक्षण नावापुरतंच. जीवाश्म विकणं हाच आधार उरला. १८११ मध्ये भाऊ जोसेफला एक भलीमोठी कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर हा सागरी सरपटणारा प्राणी होता. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा जवळपास संपूर्ण सांगाडा मिळाला.

पण हे जीव इथेच इतके छान का टिकले? उत्तर खडकाच्या रंगात आहे. सुमारे १९-२० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. काही काळ तळाच्या पाण्यात ऑक्सिजन फारच कमी असे. मेलेले जीव तळाशी जात, पण पूर्ण कुजत नसत. त्यांच्यातला कार्बन गाळात राहिला, म्हणून थर काळे. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवला. तो लोहाशी मिळून पायराइट तयार झालं. म्हणूनच तिथले काही अमोनाइट सोन्यासारखे चमकतात. (आपला शाळिग्राम आठवा, तोही बहुधा अमोनाइटचाच जीवाश्म!) काळा थर आणि पायराइट एकत्र दिसले, की तळाशी ऑक्सिजन कमी असावा, असं शास्त्रज्ञ ओळखतात.

हे रसायनशास्त्र मेरीच्या काळी उलगडलेलं नव्हतं. कोणत्या थरात काय सापडतं, हे मात्र ती पक्कं जाणत होती. हिवाळ्यात कडे ढासळले, की नवे जीवाश्म उघडे पडत, तेव्हाच ती शोधायला जाई. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे गेला, ती थोडक्यात वाचली. तरीही लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत बाईमाणसाला प्रवेश नव्हता. तिच्या शोधांवर पुरुषांनी निबंध वाचले, तिचं नाव अनेकदा राहूनच गेलं. ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी ती वारली.

तेव्हा पुढच्या वेळी मूल दगड घेऊन आलं, तर रागावू नका. कुठे सापडला, रंग कसा, थर दिसतात का, एवढंच विचारा. आणि वहीत दगडाच्या चित्राखाली शोधणाऱ्याचं नाव आठवणीने लिहायला सांगा.