सगळ्यांची खबर ठेवणारे नाना

नाना फडणवीस म्हटलं की तुम्हाला ‘घाशीराम कोतवाल’ नाटक आठवेल. नाटकातला नाना जरा बाजूला ठेवा. खरे बाळाजी जनार्दन भानू 1742 साली साताऱ्यात जन्मले. विशीही गाठली नव्हती तेव्हा पानिपतावर होते. जीव वाचवून परतले, पण आई तिथेच हरवली. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि बारभाईंच्या कारभारातून सगळी सूत्रं या हिशेबी माणसाच्या हाती आली.

नाना तलवारबहाद्दर नव्हतेच. त्यांचं हत्यार बातमी. दिल्ली, हैदराबाद अशा दरबारांत वकील, जागोजागी हेर, आणि पत्रं घेऊन धावणारे जासूद. पण एका माणसावर पाळत ठेवायला दुसरा माणूस लागायचा, त्याला पगार लागायचा, त्याचं मोडीतलं पत्र वाचायला तिसरा. अख्ख्या पुण्यावर नजर ठेवायची तर अर्धं पुणं हेर करावं लागलं असतं! त्यामुळे नानांचं लक्ष सरदारांवर आणि इंग्रजांवर. साध्या माणसांसाठी कोतवाल होता.

1777 पासून हा कोतवाल घाशीराम. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला धरायचं. 1791 मध्ये त्याच्या कोठडीत डांबलेले परप्रांतीय ब्राह्मण गुदमरून मेले. मानाजी फाकड्यांनी दार उघडलं, तेव्हा कुठे गोष्ट फुटली. खवळलेल्या जमावानं घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. हैदराबादेतली कुजबुज ज्यांच्या कानावर यायची, त्या नानांच्याच शहरात हे घडलं.

आता डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजला जाणारे तुम्ही. कोपर, दिवा, मुंब्रा, खिशातला फोन टॉवर बदलत जातो. कॉल केलात की कुणाला, केव्हा, कुठल्या टॉवरवरून याची नोंद होते. कंपन्यांना ती किमान 2 वर्षं ठेवावीच लागते. बोलणं ऐकायला सरकारी आदेश लागतो, हे खरं. पण नुसत्या नोंदींचं गणित करून बघा. 3 लाख माणसं, रोज प्रत्येकी 20 नोंदी धरल्या तर वर्षाला 219 कोटी. एका नोंदीला 200 बाइट दिले तरी सगळं 500 जीबीच्या आत, म्हणजे तुमच्या लॅपटॉपात मावेल एवढं. चाळायला कारकूनही नको. नानांना जे परवडलं नसतं, ते आज सहज जमतं.

आणि यंत्राला काय कळतं? तुमच्या सिमवरून चुलतभाऊ बोलला, तरी नोंद तुमच्याच नावावर. मानाजींना निदान कोठडीचं दार तरी दिसलं. डिस्कवरची नोंद येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही.

नानांचं पुढे काय झालं? 31 डिसेंबर 1797 रोजी ते दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेले आणि तिथेच कैद झाले. मायकेल फिलोज नावाच्या शिंद्यांच्या युरोपीय अधिकाऱ्यानं दिलेल्या शब्दावर एवढ्या सावध माणसानं विश्वास ठेवला होता. रवानगी झाली अहमदनगरच्या किल्ल्यात. पुढच्या वर्षी सुटले, पुन्हा कारभारात आले, 13 मार्च 1800 ला पुण्यात वारले. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी त्यांचा वाडा अजून उभा आहे.