एक पाना

वर्कशॉपमध्ये मी पाना कुठेही टाकायचो. बेसी कोलमनबद्दल वाचलं आणि सवय सुटली.

१८९२ साली टेक्सासमध्ये जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी शिकागोत सलूनमध्ये गिऱ्हाइकांची नखं घासायची. अमेरिकेत कोणी विमान शिकवेना, म्हणून पठ्ठी फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये लायसन्स घेऊनच परतली. काळ्या-गोऱ्यांना वेगळं गेट असेल तिथे ती कसरती करायला नकार द्यायची.

३० एप्रिल १९२६. पॅराशूट उडीची जागा हेरायला वाकता यावं म्हणून पट्टा बांधलेला नव्हता. विसरलेला एक पाना यंत्रणेत अडकला. विमान उलटलं, बेसी खाली पडली. उड्डाणशाळेचं स्वप्न राहिलंच. पण १९३१ पासून शिकागोचे कृष्णवर्णीय वैमानिक तिच्या कबरीवर विमानातून फुलं टाकू लागले.

मित्रांनो, जॉब संपला की पाने मोजा!