अल्-ख्वारिज्मी आणि वारशाचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की नमाजनंतर एखादे वडील मुलाला घेऊन मशिदीत थांबतात. मुलगा बीजगणितात अनुत्तीर्ण झालेला असतो. ज्याला उद्या दुकान सांभाळायचे आहे, त्याच्यावर ‘क्ष’ आणि ‘य’ यांची सक्ती कशासाठी, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. या एका विषयाच्या धास्तीने शाळा सोडलेली मुले आपल्या वस्त्यांत आहेत, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. उत्तर शोधू लागलो की माझे मन ज्यांच्या ग्रंथाने या विद्येला जगभर नाव दिले, त्यांच्या आयुष्याकडे वळते.

मुहम्मद इब्ने मूसा अल्-ख्वारिज्मी यांचा जन्म इ.स. ७८० च्या सुमाराचा. अरल समुद्राच्या दक्षिणेस अमू दर्याच्या काठी ख्वारिज्म नावाचा प्रदेश आहे. त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले. त्यांचे कार्य मात्र बगदादमध्ये बहरले. खलीफा मन्सूर यांनी इ.स. ७६२ मध्ये वसवलेले हे शहर तेव्हा ऐन भरात होते. खलीफा मामून यांच्या कारकिर्दीत (हिजरी १९८ ते २१८, इ.स. ८१३ ते ८३३) तेथील ‘बैतुल हिकमत’ या ज्ञानगृहात ग्रीक, फारसी आणि भारतीय विद्या अरबी भाषेत येत होत्या. याच ज्ञानगृहाशी अल्-ख्वारिज्मी यांचे नाव जोडलेले आहे.

ज्ञान कोणाच्या घरचे आहे, हे पाहून त्यांनी ते कधी नाकारले नाही. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला होता. भारतीय ज्योतिर्गणिताची ती परंपरा ‘सिंदहिंद’ या नावाने बगदादला पोहोचली, तेव्हा अल्-ख्वारिज्मी यांनी तिच्या आधारे ग्रहगतीची कोष्टके तयार केली. शून्यासह दहा चिन्हांनी कोणतीही संख्या मांडण्याची भारतीय रीत त्यांनी स्वतंत्र ग्रंथात समजावून दिली आणि तिचे श्रेय भारतीयांनाच दिले. पुढे तो ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपापासून आजचा ‘अल्गोरिदम’ हा शब्द घडला. यहुदी पंचांगावरही त्यांनी लिहिले. भूगोलाच्या ग्रंथात दोन हजारांहून अधिक स्थळांचे अक्षांश आणि रेखांश नोंदवले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘जब्र व मुकाबला’ या गणिताचा आहे. तो खलीफा मामून यांच्या प्रोत्साहनाने लिहिला गेला. ‘जब्र’ म्हणजे मोडलेले पूर्ववत जोडणे. हाडवैद्याच्या कामालाही अरबीत हाच शब्द आहे. समीकरणात वजा असलेले पद दोन्ही बाजूंना मिळवून ती उणीव भरून काढणे, हा गणितातला जब्र. दोन्ही बाजूंची सारखी पदे समोरासमोर ठेवून वळती करणे, हा मुकाबला. या पुस्तकात चिन्हे नाहीत, संख्याही शब्दांतच लिहिल्या आहेत. अज्ञात राशीला ते साधेपणाने ‘शय’, म्हणजे ‘वस्तू’ म्हणतात. एका संख्येच्या वर्गात तिची दहा पट मिळवली तर ३९ होतात, ती संख्या कोणती, असा प्रश्न ते घालतात आणि उत्तर ३ कसे येते, हे चौकोन काढून डोळ्यांना दाखवतात.

हे पुस्तक कशासाठी लिहिले, हे त्यांनी आरंभीच सांगून ठेवले आहे. वारसा, मृत्युपत्र, वाटणी, कोर्टकज्जे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई यांत माणसाला पडणारी नड भागावी, हा त्यांचा हेतू होता. पुस्तकाचा मोठा भाग मृत्युपत्र आणि वारशाच्या उदाहरणांनीच व्यापलेला आहे.

त्यातील एक उदाहरण असे. एक मनुष्य दोन मुले मागे ठेवून मरण पावला. एक तृतीयांश मालमत्ता परक्या माणसाला द्यावी, असे त्याचे मृत्युपत्र आहे. घरात रोख दहा दिरहम आहेत आणि आणखी दहा दिरहम एका मुलाकडे येणे आहेत. मुलाजवळ ते फेडायला पैसा नाही, म्हणून त्याचा हिस्सा त्याच्या कर्जातूनच वळता करायचा. पण किती वळता करायचा? हिस्सा ठरल्याशिवाय वळती रक्कम कळत नाही आणि वळती रक्कम कळल्याशिवाय हिस्सा ठरत नाही. अल्-ख्वारिज्मी त्या रकमेला ‘शय’ म्हणतात. मग वाटायची मालमत्ता दहा अधिक शय होते. परक्याचा तिसरा भाग काढला की दोन्ही मुलांनाही एकेक तिसरा भागच उरतो. म्हणजे शय ही दहा अधिक शय यांच्या तिसऱ्या भागाइतकी, उत्तर पाच. रोख दहांतील पाच परक्याला, पाच दुसऱ्या मुलाला, आणि कर्जदार मुलाचे पाच त्याच्या कर्जातून वळते. कोणावरही अन्याय झाला नाही.

सूरह निसामध्ये अल्लाहने वारसांचे हिस्से स्वतः ठरवून दिले आहेत. ते हिस्से अपूर्णांकांत आहेत. समजा, एका घरात आठ लाख रुपये आहेत. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. पत्नीचा आठवा भाग, एक लाख. उरलेल्या सात लाखांत मुलीचा हिस्सा एक ‘शय’ मानला, तर मुलाचे दोन. एकूण सात शय, म्हणून प्रत्येक मुलीला एक लाख आणि प्रत्येक मुलाला दोन लाख. हा हिशेब घरात कोणालाच येत नसेल, तर भाऊ जे सांगतो ते बहीण मान्य करते. अशा बहिणी मी पाहिल्या आहेत. हिशेब न येणे हे त्यांच्या हक्कावर पडलेले पहिले पाणी असते.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये हिशेबाची विद्या फर्जे-किफायामध्ये गणली आहे, कारण व्यवहार, मृत्युपत्रे आणि वारशाची वाटणी यांना तिची गरज लागते. फर्जे-किफाया म्हणजे काहींनी पार पाडले तर सर्वांची सुटका, कोणीच न केले तर सर्व गुन्हेगार. कोणी म्हणेल, मग प्रत्येक मुलावर सक्ती कशाला? पण वस्तीतले ते काही जण कोण ठरतील, हे आठवीत किंवा नववीत कोणाला सांगता येणार? विषय ऐच्छिक झाला, की जिच्या घरी शिकवणीला पैसा नाही ती मुलगी तो सर्वांत आधी सोडेल. उद्या वाटणीच्या कागदावर सही करायची वेळ आली, तर ती नेमकी तिच्यावरच येईल.

म्हणून त्या वडिलांना माझे उत्तर असे असते की शालेय वयात बीजगणित सर्वांना असावे. मात्र ते अल्-ख्वारिज्मी यांच्या रीतीने शिकवावे. आधी वाटणी, उधारी आणि जमिनीची मोजणी, मग चिन्हे. आणि जो मुलगा त्यात मागे पडला, त्याच्यासाठी शिक्षणाची पुढची दारे बंद करू नयेत. मोडलेले जोडणे हाच ‘जब्र’ या शब्दाचा मूळ अर्थ आहे. त्या नावाच्या विषयाने एखाद्या मुलाची उमेद मोडावी, हे योग्य नव्हे.

अल्-ख्वारिज्मी यांचे निधन इ.स. ८५० च्या सुमारास झाले. इ.स. ११४५ मध्ये त्यांचा हा ग्रंथ लॅटिनमध्ये उतरला आणि ‘अल्-जब्र’ युरोपात ‘अल्जिब्रा’ झाला. बाराशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने विधवेचा आणि मुलीचा हिस्सा अचूक निघावा म्हणून जे लिहिले, ते जगाने आपले मानले. ते आपल्याच घरांत परके राहू नये. अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयोगी ज्ञान देवो आणि आपल्याला हक्कदाराचा हक्क पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.