वालाच्या दाण्यातील विज्ञान

पनवेल-अलिबागच्या पट्ट्यात भाताची कापणी झाली की खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. थंडीत पोपटीच्या मडक्यात आणि एरवी बिरड्याच्या रूपाने ताटात येणारा हा दाणा १९५५ साली ‘नेचर’ या जगन्मान्य विज्ञान-नियतकालिकात पोहोचला. त्याला तेथवर नेणाऱ्या विदुषी म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई या दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पारखून घेण्याच्या अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्या कामाने रामन यांचेही मत पालटले आणि इतर विद्यार्थिनींना संस्थेचे दार उघडले.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर संशोधन करताना ‘सायटोक्रोम सी’ हे पेशींच्या श्वसनात भाग घेणारे प्रथिन वनस्पतींतही असते, हे दाखवून दिले. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथील सेवेनंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन आणि संशोधन केले.

वालाचे काम याच काळातले. प्रथिन पचविण्यासाठी शरीर ट्रिप्सिन हे विकर वापरते. वालाच्या दाण्यात मात्र त्याच ट्रिप्सिनला अडविणारे दुसरे प्रथिन असते. सोहोनी आणि त्यांचे सहकारी आंबे यांनी ते स्फटिकरूपात वेगळे केले. कडधान्यांतील अशा रोधकांचा बराचसा जोर पुरेसे शिजविल्याने ओसरतो. ज्या घरात मांस-दूध परवडत नाही, तेथे डाळीतील किती प्रथिन खरोखर अंगी लागते, हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांचे संशोधनही याच जातीचे होते. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. अन्नातील भेसळीविरुद्ध त्या ग्राहक चळवळीतही उतरल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

प्रथिनाची घडण संगणकाने वर्तविणाऱ्या शास्त्रज्ञांना २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या सामर्थ्याने अनेक रोगांची उकल सुलभ होईल, यात शंका नाही. परंतु कोणत्या दाण्याचा आणि कोणाच्या भुकेचा विचार प्रथम करावयाचा, हे संगणक ठरवीत नाही. ते प्रयोगशाळेत कोणाला प्रवेश मिळतो यावर ठरते. बंगलोरचे ते दार १९३३ साली बंदच राहिले असते, तर वालाच्या दाण्याला आपला अभ्यासक भेटला असता काय, याचा विचार आजच्या शिक्षणसंस्थांनी अवश्य करावा.