घड्याळजी जादूगार रोबेर-ऊदँ

जादूगार हा शब्द उच्चारताच पायघोळ झगा, टोकदार टोपी आणि भोवती मांडलेल्या नाना आकारांच्या पेट्या असे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील रंगमंचावर जादूगार बहुधा याच थाटात अवतरत असे. त्याच्या मेजावरील जाड वस्त्र थेट जमिनीला टेकलेले असे, आणि त्या वस्त्राआड कित्येकदा एखादा मदतनीस दडून बसलेला असे. वस्तू नाहीशी करावयाची झाली की तिच्यावर धातूचे भले मोठे झाकण ठेवले जाई. प्रयोग पाहून लोक चकित होत खरे. पण सारी करामत त्या झाकणात आणि त्या मेजाखाली आहे, हेही त्यांना मनोमन उमगलेले असे. ही परंपरा ज्याने मोडून काढली आणि जादूला सुसंस्कृत कलेचे स्थान मिळवून दिले, तो पुरुष म्हणजे फ्रान्समधील झाँ यूजीन रोबेर-ऊदँ.

लुआर नदीच्या काठी वसलेल्या ब्ल्वा या नगरात 1805 सालच्या डिसेंबर महिन्यात त्याचा जन्म झाला. मूळचे आडनाव रोबेर. वडील घड्याळजी होते. परंतु मुलाने आपला धंदा न करता कायद्याच्या क्षेत्रात नाव काढावे अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार मुलगा काही काळ दस्तऐवज लिहिणाऱ्या कचेरीत कारकून म्हणून राहिलाही. पण त्याचे मन कागदांत रमेना. चाके, कमानी आणि तरफा यांचाच त्याला ध्यास लागलेला. अखेर वडिलांनी हट्ट सोडला आणि तो घड्याळे दुरुस्त करण्याची विद्या शिकू लागला.

याच सुमारास नियतीने एक गंमत केली. बेर्तू नावाच्या विख्यात घड्याळजीचा ग्रंथ त्याने पुस्तकविक्रेत्याकडे मागितला होता. विक्रेत्याने चुकून भलतेच पुस्तक बांधून दिले. घरी येऊन उघडतो तो त्यात शास्त्रीय करमणुकीचे आणि हातचलाखीचे प्रयोग! तरुणाने पुस्तक परत केले नाही. गावातील एका गृहस्थाकडून त्याने वाट्या-गोळ्यांचा खेळ शिकून घेतला. चेंडू झेलण्याचा सराव तर त्याने इतका वाढविला की चार चेंडू हवेत खेळवीत तो समोर ठेवलेले पुस्तक वाचू शके. रस्त्याने चालतानाही त्याचे हात कोटाच्या रुंद खिशांत असत, आणि तेथे बोटांची तालीम अखंड चाललेली असे. ही साधना त्याने कित्येक वर्षे केली. रंगमंचावर पाऊल ठेवताना तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता.

मधली वर्षे घड्याळांची आणि यंत्रांची गेली. 1830 साली पॅरिसमधील एका घड्याळजीच्या मुलीशी, जोसेफ ऊदँ हिच्याशी, त्याचा विवाह झाला आणि सासरचे आडनाव त्याने आपल्या आडनावाला जोडून घेतले. काचेच्या पारदर्शक तबकडीवर कोणतेही यंत्र न दिसता काटा फिरतो, असे गूढ घड्याळ त्याने बनविले. लिहिणारा व चित्रे काढणारा यंत्रपुतळा तयार करून 1844 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला व रौप्यपदक मिळविले. मात्र हे यश पाहावयास पत्नी राहिली नव्हती. 1843 मध्येच तिचे निधन झाले होते आणि लहान मुलांचा भार एकट्या पित्यावर पडला होता.

3 जुलै 1845 रोजी पॅले-रोयाल या पॅरिसच्या प्रसिद्ध भागात त्याने स्वतःचे छोटेसे नाट्यगृह उघडले. आसने सुमारे दोनशे. पहिल्या रात्री भीतीने त्याची गाळण उडाली. भाषण घाईघाईने आणि एकसुरी झाले. प्रयोग बंदच करावेत असे त्याच्या मनाने घेतले. पण एका मित्राने या विचाराला तत्परतेने दुजोरा दिला, तेव्हा त्याचा स्वाभिमान डिवचला गेला आणि नाट्यगृहाचे दार पुन्हा उघडले.

आता त्याच्या रंगमंचाकडे पाहू. ती सजावट श्रीमंताघरच्या दिवाणखान्यासारखी होती. मध्यभागी पांढऱ्या व सोनेरी रंगाचे नाजूक पायांचे मेज. त्याच्या खाली सर्व काही मोकळे. झगमगणारी धातूची झाकणे गेली, त्यांच्या जागी काच आली. मदतनीस प्रेक्षकांत मिसळून बसविण्याची रीतही त्याने टाकली. तो स्वतः सभ्य गृहस्थाच्या संध्याकाळच्या साध्या पोषाखात येई. ही केवळ रसिकता नव्हती. तीत घड्याळजीचा हिशोब होता. जी वस्तू पाहताच संशय येतो, ती जादूगाराचे गुपित अर्धे फोडते. जी ओळखीची, मोकळी आणि सुंदर असते, तिच्याकडे पाहून मन निःशंक होते. आणि आश्चर्य निःशंक मनालाच वाटते.

त्याचे प्रत्येक साधन या कसोटीला उतरे. चित्रे ठेवण्याचा एक चपटा पुठ्ठा तो बारीक पायांच्या घोडीवर ठेवी. त्याची जाडी इतकी थोडी की त्यात काही लपेल अशी शंकाच येऊ नये. त्यातून आधी चित्रे निघत, मग स्त्रियांच्या टोप्या, जिवंत कबुतरे, तांब्याची भांडी, पक्ष्यांचा पिंजरा, आणि सर्वांच्या शेवटी त्याचा मुलगा! संत्र्याच्या झाडाला लोकांच्या डोळ्यांदेखत फुले व फळे येत. 1846 साली बोस्टन येथे ईथरने भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आणि त्या औषधाचा सर्वत्र बोलबाला झाला. दुसऱ्याच वर्षी त्याने आपल्या लहान मुलाला ईथर हुंगविल्याचा देखावा करून केवळ एका काठीच्या टेकूवर आडवा तरंगत ठेवला. पडद्यामागे खरे ईथर तापल्या लोखंडावर ओतले जाई, म्हणजे त्याचा वास प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. कोणते साधन कोठे वापरावे याची जाण ती हीच.

या सर्व यंत्रांहून त्याला पत्त्यांचे मोल कमी वाटत नव्हते. 1868 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जादूवरील आपल्या ग्रंथात त्याने पत्त्यांच्या हातचलाखीला मोठी जागा दिली, तर 1861 च्या एका पुस्तकात जुगारी लोकांच्या लबाड्या उघड करून सामान्यांना सावध केले. पत्त्यांचा कॅट घरोघरी असतो. तो प्रेक्षकाच्या हाती देऊन पिसून घेता येतो. म्हणूनच त्यावर कोणी संशय घेत नाही. चोरखणाच्या रंगीत पेटीत पत्ता बदलला तर लोक पेटीला शाबासकी देतात. साध्या काचेच्या पेल्यात उभा ठेवलेला पत्ता बदलला तर कलावंताला.

1856 साली फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठविले. तेथील फकिरांचा जनमानसावरील प्रभाव कमी करावा, हा राज्यकर्त्यांचा हेतू. एक लहान पेटी मूल उचले, पण बलवान पुरुषाला ती हलविता येत नसे. तिचा तळ लोखंडी होता आणि रंगमंचाखाली विद्युच्चुंबक होता. ज्या विद्येने पॅरिसमध्ये निर्मळ आनंद दिला, तीच येथे पराधीन प्रजेला दिपविण्यासाठी वापरली गेली. हे सर्व खेळ आहेत, दैवी चमत्कार नव्हेत, असे त्याने दुभाष्यांकरवी नंतर समजावून सांगितले, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद केली पाहिजे. तथापि परकीय सत्तेचा जाच सोसलेल्या आपल्या देशातील वाचकाला हा अध्याय अस्वस्थ केल्यावाचून राहात नाही.

उत्तरायुष्य त्याने ब्ल्वाजवळच्या सँ-जेर्व्हे या खेड्यात लेखन व विजेचे प्रयोग करण्यात घालविले. 1870 च्या फ्रान्स-जर्मनी युद्धात सैन्यात कॅप्टन असलेला त्याचा मुलगा यूजीन घायाळ होऊन मरण पावला. त्या आघातानंतर पिताही फार काळ जगला नाही. 13 जून 1871 रोजी त्याची प्राणज्योत मालवली.

पुढे एरिक वाइस नावाच्या तरुणाने त्याच्या आडनावावरून हूडिनी हे नाव धारण केले आणि ते जगभर गाजविले. 1888 मध्ये जॉर्ज मेलिएस याने रोबेर-ऊदँचे नाट्यगृह विकत घेतले. जादूगाराच्या त्या रंगमंचावरूनच तो चित्रपटाकडे वळला. आपल्याकडेही बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके चित्रपटापूर्वी जादूचे प्रयोग करीत, आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणवीत. जादू आणि चित्रपट यांचे नाते असे दोन्ही देशांत जुळले.

विद्यार्थी मित्रांनो, स्नेहसंमेलनात तुमच्यापैकी कोणी पत्त्यांचे प्रयोग करणार असाल, तर बाजारातील चकचकीत पेट्यांच्या मोहात पडू नका. शेवटच्या रांगेतल्या मुलालाही स्पष्ट दिसेल असा ठळक पत्ता, खालून मोकळे मेज आणि एक स्वच्छ काचेचा पेला, एवढे साहित्य पुरेसे आहे. उरलेले सारे बोटांनी करावयाचे असते, आणि बोटांना ते काम वर्षानुवर्षांच्या सरावावाचून येत नाही. ब्ल्वाच्या त्या घड्याळजीला ते साधले. ते साधण्यासाठी त्याने निम्मे आयुष्य वेचले होते.